जोडीदाराचं जॅकेट

काळं प्लास्टिकचं बकल, एका कडेने झिजून पांढुरकं झालेलं — दाबलं की उघडतं, नाही दाबलं तर नाही, इतकं साधं. मग माझी बोटं त्याच्यावर अशी का थबकली आहेत... त्याने हात मागे घेतला. समोर पुतणी उभी होती, केशरी लाइफ जॅकेट घालून, मापाला उभं राहावं तसे दोन्ही हात पसरून.

‘‘आपलं जॅकेट आपण आवळायचं नाही,’’ घसा बसलेली गाइडबाई सगळ्यांना ओरडून सांगत होती, ‘‘जोडीदाराचं आवळायचं. स्वतःच्या पोटाची प्रत्येकाला दया येते!’’

माणसं हसली. तोही हसला. चौदा वर्षांपूर्वी याच काठावर, दुसऱ्याच कुठल्या गाइडच्या अशाच विनोदावर तो असाच हसला होता, आणि शेजारी धाकटा भाऊ त्याच्याहून मोठ्याने. नदी तीच. हिरवं पाणी, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं नितळ, पलीकडे उतरत आलेलं दाट रान... ‘काय सुंदर आहे नाही!’ कुणीतरी म्हणालं, आणि त्याने मान डोलावली. सुंदर होतीच. त्याचाच त्याला राग येत होता.

यायचं नव्हतं त्याला. पण पोरीने सोळाव्या वाढदिवसाला दुसरं काही मागितलंच नाही — बाबा गेला ती नदी बघायचीये, आणि नुसती काठावरून नाही. महिनाभर त्याने टोलवाटोलवी केली. शेवटी भावजयच म्हणाली, ‘‘जाऊ दे तिला, भाऊजी. तुम्ही बरोबर असलात की मला घोर नाही.’’ आणि नेहमीसारखं पुढचं वाक्य जोडलं, ‘‘शेवटच्या वेळी तुम्ही होतात यांच्याजवळ, तेवढंच समाधान.’’ हे समाधान ती चौदा वर्षं जपते आहे, आणि चौदा वर्षं तो मूग गिळून बसला आहे.

सगळ्याचं मूळ त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसाला वीसेक गिऱ्हाइकं — नाकावर रुततंय, कानामागे टोचतंय, जरा सैल करून द्या. आणि मी करून देतो; माझ्या दुकानातून टोचणारा चष्मा घेऊन कुणी गेलं नाही, ही माझी ख्याती. त्या दिवशी धाकटा म्हणाला, ‘दादा, श्वास कोंडतोय रे, जरा सैल कर,’ तेव्हा हात आपसूक पट्ट्याकडे गेला. दोन बोटं. फक्त दोन बोटं सैल केलं... मग तिसऱ्या वळणावर राफ्ट उलटली. दोराला धरून मला वर ओढलं, आणि थोड्या वेळाने पाण्यावर जॅकेट आलं. बकल लावलेलं, आत कुणी नाही. कुणीतरी ते उचलून खालीही पाहिलं. जॅकेट जुनं असणार, लोक म्हणाले. ‘जुनंच असणार,’ असं त्यानेही म्हटलं, स्वतःच्या तोंडाने. आणि तेवढ्या बोलण्यावर त्या राफ्टवाल्याचं बस्तान नदीवरून उठलं.

‘‘काका, झोपलात का?’’

त्याने पट्टा ओढला. मग दुसरा.

‘‘आई गं! काका, श्वास कोंडतोय. जरा सैल करा ना.’’

हात पट्ट्याकडे निघाला. तो जाताना त्याने पाहिला — दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग त्याने पट्टा पकडला आणि उलट आणखी आवळला.

‘‘अहो, पण—’’

‘‘तुझ्या बाबाला मी सैल करून दिलं होतं. दोन बोटं. म्हणून ते निसटलं.’’

दुकानात चष्म्याचा नंबर सांगावा, तशा आवाजात तो बोलून गेला. पुतणी बघत राहिली. तेवढ्यात गाइडबाई आली, जॅकेटला खांद्यांपाशी धरून तिला वर उचललं. पोरीच्या टाचा सुटल्या, जॅकेट तसूभर हललं नाही. ‘‘वा! काकांचा हात पक्का आहे,’’ बाई म्हणाली आणि पुढच्या जोडीकडे वळली.

राफ्टमध्ये ती पुढे, तो मागे. तिने वळून पाहिलं नाही. ते वळण... त्या वळणाची त्याने इतकी स्वप्नं पाहिली होती, आणि ते आलं तेव्हा एक दणका, तोंडावर पाणी, सगळ्यांची किंकाळी — तिचीही, आनंदाची की कसली ते पाठीवरून कळेना — आणि संपलं. पुढे पाणी संथ झालं. वल्ही वर घ्या, बाई म्हणाली, जरा दम खा.

‘‘आईला माहितीये?’’ पुतणीने पुढे बघतच विचारलं.

‘‘नाही.’’

वळसा सरला तसा उतरायचा काठ दिसला. गाडीरस्त्याने आधीच येऊन थांबलेली भावजय तिथे उभी होती, दोघांचे टॉवेल खांद्यावर टाकून, हात हलवत. पुतणीने हात वर केला नाही. आणखी कोसभर पाणी असतं तर... असं त्याला वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. चौदा वर्षं मी या पाण्याला भ्यालो, आणि भ्यायला हवं होतं ते या काठाला.

‘‘चला, मारा वल्ही!’’ बाई ओरडली. मी सगळ्यांच्या आधी वल्हं पाण्यात घातलं.