नर्मदाबाईंचं गाऱ्हाणं

गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालण्याचा मान सत्यवान परबांचा. माणूस नारळ घेऊन येणार, परबांच्या कानाशी लागून आपली अडचण सांगणार, परब ती देवापुढे खड्या आवाजात मांडणार आणि जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारणार. देवाचा कारभार इतका सुटसुटीत होता. मधल्या माणसाचे कान तेवढे चालू हवेत, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

परबांना मात्र आपल्या कानांबद्दल तिळमात्र शंका नव्हती. सबंध देवळाचं 'व्हय म्हाराजा' त्यांना खणखणीत ऐकू येई. वळणावरच्या एसटीचा हॉर्न येई, पुतण्याची, म्हणजे जितेंद्रची, फटफटी येई. मग जे ऐकू येत नव्हतं त्यात दोष उघडच दुसऱ्यांचा होता. हल्लीच्या बायका तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, पोरं अर्धं वाक्य गिळतात आणि टीव्हीवाल्यांनी कंजूषपणाने आवाज कमी केलाय, असा त्यांचा सिद्धान्त. स्वतःचा टीव्ही ते असा लावत, की समोरच्या घराने मालिका बघायला आपला लावणंच सोडून दिलं होतं.

घरात त्यांचा दिवस 'काय?' या शब्दावर चाले. नर्मदाबाई काही बोलल्या की हे म्हणणार, "काय?" त्या पुन्हा सांगणार. पुन्हा, "काय?" मग बाई म्हणत, "काय नाय." हे 'काय नाय'सुद्धा परबांना ऐकू येत नसे. झटकलेला हात तेवढा दिसे. त्यांना वाटे, वयानुसार बायको शांत झाली. चाळीस वर्षांच्या संसाराचं हेच तर फळ!

देवळातली गोष्ट मात्र झाकून राहीना. कौस्तुभ नावाच्या एका बिचाऱ्याने मूळव्याधीचं गाऱ्हाणं आणलं. परब म्हणाले, "मोठ्यान सांग रे." त्याने मोठ्याने सांगितलं. "आणखी मोठ्यान!" शेवटी देवाच्या आधी ते अख्ख्या जत्रेला कळलं आणि महिनाभर गाव त्याला झाडपाले सुचवत होता.

त्यानंतर परबांसमोर कुणी आवाज चढवेना. परबांनीही शक्कल काढली. समोरचा पुटपुटला की मान डोलवायची, डोळे मिटायचे आणि ठोकून द्यायचं, "हेच्या मनात जां काय आसात, तां पुरा कर रे म्हाराजा!" देवाकडे असे बिनमजकुराचे अर्ज जाऊ लागले. देवाने काय करावं?

यंदाच्या जत्रेला रांगेत नर्मदाबाई उभ्या राहिल्या. परब चपापले. घरची बाई कधी गाऱ्हाणं घेऊन आली नव्हती. त्या कानाशी लागल्या आणि बराच वेळ बोलल्या. बोलताना त्यांचा ओठ थरथरत होता, तो परबांना दिसला. मग सवयीने त्यांनी डोळे मिटले. "हिच्या मनात जां काय आसात, तां पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

नर्मदाबाई हलल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय सांगलंय मी?"

परबांनी नारळाकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. दोघांकडूनही मदत आली नाही.

"काय तां परत सांग गो."

"देवाक कळला मा? मगे पुरे," म्हणून बाई निघून गेल्या. त्यानंतर परबांनी विनवलं, रुसून पाहिलं, जेवण टाकून पाहिलं. बाईंनी ते गाऱ्हाणं पुन्हा सांगितलं नाही. ते काय होतं, या एका गोष्टीने परबांना पोखरलं. लोकांच्या अडचणी न ऐकता त्यांना खुशाल झोप लागे, आता लागेना.

शेवटी जितेंद्रने त्यांना फटफटीवर घालून कुडाळला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला. मळ निघाला, बहिरेपणा तिथंच राहिला. मग संचिता नावाच्या तपासनीस मुलीने त्यांना एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की दाबायला हातात बटण दिलं.

"बटण दिलंस, पण आवाज खंय दिलंस?" परब थोड्या वेळाने म्हणाले.

"आवाज कधीचे चालू आहेत, काका," मुलगी काचेपलीकडून माईकवर म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने आलेख पुढे ठेवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत सांगितलं. "बहिरेपणाच्या पायऱ्या असतात. सौम्य म्हणजे कुजबूज निसटते. मध्यम म्हणजे समोर बसून साधं बोललेलंही निसटतं, तिथे तुम्ही आहात. तीव्र असेल तर कानाशी ओरडावं लागतं, आणि त्याही पुढे ओरडणंसुद्धा पोचत नाही. तुमचे जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. म्हणून जत्रा ऐकू येते, काकी येत नाहीत."

"मग मी येवचा केव्हा होता?"

"टीव्ही वाढवायला लागलात तेव्हाच. पण सगळे असेच वर्षानुवर्षं जगाला दोष देत बसतात. आणि हे गावात सांगा, कुणाचा कान एकाएकी बंद झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. नारळ नंतर. तुम्हाला मात्र आता कानात यंत्रं लावावी लागतील."

"यंत्र लावलंय तर लोक म्हातारो म्हणतले."

"तुमचं 'काय, काय' सगळ्यांना ऐकू जातं, काका. त्यापेक्षा यंत्र कमी दिसतं."

परबांना राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसाच आला. पण यंत्रं घेतली.

पहिले काही दिवस नुसता वैताग. कावळे इतके ओरडतात? स्वतःची चप्पल इतकी वाजते? हळूहळू सवय होईल, असं संचिताने बजावलं होतं, म्हणून शिव्या देत का होईना त्यांनी यंत्रं कानात ठेवली.

एका सकाळी ते ओटीवर बसले असताना स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. घरात तर तिसरं कुणी नव्हतं. ते दाराशी गेले. नर्मदाबाई नारळ खवत होत्या आणि समोर मांजर बसलं होतं.

"रात्री छातीत धडधडता गो मने," त्या मांजराला सांगत होत्या. "भिया वाटता. सांगू कोणाक? ह्या घरात दोन माणसा आसत, पण बोलूक एक नाय. शिरोड्याक भयणीकडे जावन रवाचा म्हणतंय. देवाक सांगलंय मी तां, पण मधलो पोस्टमनच बहिरो."

म्हणजे हे होतं गाऱ्हाणं. बायको शांत झाली नव्हती. तिने फक्त ऐकणारा बदलला होता, आणि त्या जागी चक्क मांजर नेमलं होतं.

ते आत गेले, देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. आवाज जत्रेतल्यासारखा लागेना.

"बा देवा रवळनाथा! ही नर्मदा. हिच्या छातीत धडधडता, हिका भिया वाटता. हिच्या घरात दोन माणसा आसत, पण बोलूक एक नाय. आजच्या आज हिका डॉक्टराकडे न्हेवची बुद्धी हिच्या घोवाक दी. आणि इतकी वर्सा तेणा जां ऐकूक नाय, तां सगळा हिणा परत सांगूचा, आणि तेणा मधी तोंड घालूचा नाय रे म्हाराजा!"

शिक्का मारायला मंडळी नव्हती. नर्मदाबाई खवलेल्या खोबऱ्याचा हात तसाच धरून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले. मग त्या म्हणाल्या, अगदी हळू, मांजराशी बोलायच्या त्याहूनही हळू,

"व्हय म्हाराजा."

परबांना ते ऐकू आलं.