अखाडीआधीचं अंडं

कोंबड्या असणं वेगळं आणि कोंबड्या पाळणं वेगळं. आमच्या गावात कोंबड्या सगळ्यांकडे असतात. पाळते ती मी एकटी.

हे नवाबला कळायला वेळ लागला. नवाब सिंदेवाहीच्या बाजारातला कोंबड्यांचा व्यापारी. मी आमच्या तलावातली मासोळी घेऊन बसते आणि माझ्या शेजारी त्याची खुराडी असतात. त्या वर्षी त्यानं सिरोंच्याकडून असील, म्हणजे झुंजीच्या वाणाचे कोंबडे, आणले होते. लांब मान, टणक पिवळे पाय, आणि डोक्यावर तुरा म्हणजे वाटाण्याचे दाणे चिकटवल्यासारखा एवढासा. कोंबडा उभा राहिला की पंचायतीत साक्ष द्यायला आल्यासारखा दिसायचा. माझं त्याच्यावर मन बसलं. मी म्हटलं, "नवाबभाऊ, याच्या वाणाची अंडी दे मले बसवाले."

तो हसला. "बाई, असील आहे हे. मासोळी पकडणाऱ्या हाताले नाई जमत."

"तुह्या हाताले कसं जमते? अंडी तं कोंबडीच देते ना, का तूच देतं?"

पलीकडचा मिरचीवाला असा हसला की त्याला मिरचीचा ठसका लागला. मग नवाबला अंडी द्यावीच लागली. ठरलं अर्धेलीवर, जसं आमच्याकडे ठरतं. अंडी त्याची, राखण माझी, आणि निघेल त्याची अर्धी-अर्धी वाटणी. पण वाटणी पिल्लांची करायची नाही. पिल्लाचं काय, आज कोंबडी वाटते आणि उद्या कोंबडा निघतो. कोंबडा आरवला आणि कोंबडीनं अंडं दिलं, म्हणजे ज्यानं-त्यानं आपल्या तोंडानं आपण कोण ते सांगितलं, की मग वाटायचं. अंडीवाल्यानं आधी उचलायचं, राखणाऱ्यानं मागून.

मला फक्त एक जोडी पाहिजे होती. एक कोंबडा, एक कोंबडी, दोन्ही असील, माझ्या आंगणात. एवढं झालं की पुढचं वाण वाढवायला मी कोणाच्या बापाला विचारणार नव्हते.

दिवाळी सरल्यावर अंडी माझ्या खुडूक कोंबडीखाली बसवली. पिल्लं निघाली, थंडीत वाढली. गावठी पिल्लू घार दिसली की आईच्या पोटात शिरते. ही पिल्लं मान वर करून घारीकडे पाहत, जशी काय तीच यांच्या आंगणावरून विचारल्याशिवाय चालली. मला ती तिथंच आवडली.

उन्हाळ्यात मर आली. माझी सून पुस्तकला हिच्या भावानं माहेरून एक कोंबडी पाठवली होती. ती आली तेव्हाच डोळे मिटून उभी. पुस्तकलेनं मला न विचारता ती माझ्या खुराड्यात घातली. पाहता पाहता अर्धं आंगण माना टाकून पडलं. मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुह्या भावानं कोंबडी नाई, मर पाठवली," हे त्यातलं सगळ्यात गोड.

पुस्तकला उलटून बोलली नाही. उठली, न्हाली आणि ओलेत्यानं मातामायकडे गेली. मातामाय, आमची गावदेवी, तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसते. तिथं ती नवस बोलून आली की, "माय, राहिलेली वाचव, अखाडीले यातलीच एक तलंग तुले देईन." अखाडी हा आषाढातला मायचा सण, आणि तलंग म्हणजे जिनं अजून अंडं दिलं नाही ती कोंबडी. मातामायला तशीच चालते. अंडं दिलेली तिच्या पुढं नेत नाहीत, हा गावचा जुना नेम.

त्यानंतर एकही मेलं नाही. मी म्हणते, मी खुराडं जाळून नवं बांधलं आणि आजारी वेगळी काढली म्हणून. पुस्तकला म्हणते, मायनं ऐकलं म्हणून. असीलांतली वाचली चार. दोन कोंबडे आणि दोन तलंगा, एक भुरी, एक काळी.

नवस मला कळला तो परक्याच्या तोंडून. लटारू, मातामायचा पुजारी, तलावावर भेटला आणि म्हणाला, "ताराबाई, यंदा अखाडीले तुमच्या घरची असील तलंग आहे म्हणते." मी तशीच घरी आले. पुस्तकला तांदूळ पाखडत होती.

"काऊन वं, जीव माहे आन् नवस तुहा?"

"पिल्लं मरून राह्यली होती, आत्याबाई."

"मंग तुह्या भावाची कोंबडी बोलाची होती!"

"ते तं पह्यलेच मेली होती."

मी तिच्या हातचं सूप ओढून घेतलं आणि तांदूळ स्वतःच पाखडू लागले.

आता हिशेब सरळ होता. दोन कोंबडे, दोन कोंबड्या, म्हणजे एक जोडी नवाबची, एक माझी. नवाब आधी उचलणार, आणि नवस माझ्या घरचा, म्हणून मायची तलंग माझ्या वाट्यातून जाणार. मग मला उरणार एकटा कोंबडा. एकट्या कोंबड्याचं काय करता, त्याच्याकडून आरवून घेता?

नवस मोडायचा नव्हता. मी तिखट आहे, बेइमान नाही. पण नवस तलंगीचा होता. अखाडीआधी दोघींनी अंडं दिलं तर घरात तलंगच राहत नाही. मी लटारूकडे जाऊन हे उघड विचारून घेतलं, आडून नाही. त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, "तसं झालं तं त्याच घरचा कोंबडा चालते. कोणताई. पण असील लई उशिरा अंड्यावर येते म्हणते, बाई."

"तू आपली घंटी वाजव. अंड्याचं मी पाह्यतो."

आणि पाहिलं. उधईची, म्हणजे वाळवीची, वारुळं फोडून आणली. तलावातले बारके झिंगे वाळवले, शिंपले कुटले, कोंड्यात कालवून सकाळ-संध्याकाळ चारले. माझा जुना पांढरा गावठी कोंबडा होता, आंगणाचा मालकच तो, त्याला गोठ्यात बांधून टाकला. असील कोंबडीवर गावठी चढला की वाण गेलं. तो तिथून दिवसभर शिव्या देत बसायचा.

पुस्तकला हे सगळं पाहायची आणि तिचं तोंड उतरायचं. एकदा म्हणाली, "आत्याबाई, मायले फसवून राह्यलो आपण."

"कोंबडीले चारणं म्हणजे फसवणं काय? उपाशी ठेवली असती तं पुण्य लागलं असतं?"

जेठात लाल कोंबडा पहिल्यांदा आरवला. आरवला म्हणजे काय, बिजागरी गंजलेलं दार कोणी अर्धं उघडून सोडून दिलं. माझा मुलगा केवळराम खाटेवरून म्हणाला, "आई, दाराले तेल लाव वं." कोंबडा लाजला असावा, त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कुंपणावर चढला आणि लागला सूर घोटवायला. आठवडाभरात त्याचा आवाज तलावाच्या पलीकडे जाऊ लागला. दुसरा, काळा कोंबडा, त्याच्यासमोर गप्प. लाल दूर गेला की हा मागच्या बाजूला जाऊन हळूच एकदा आरवून घ्यायचा, घरजावई सासऱ्याच्या माघारी बिडी ओढतो तसा.

आषाढ लागला आणि भुरीचं तोंड लाल झालं. पाठीवर हात ठेवला की ती पंख पसरून खाली बसू लागली. मग कोपरे हुंगत फिरली, टोपली पाहिली, चुलीमागं पाहिलं, आणि एका दुपारी टोपलीतच अंडं देऊन मोकळी झाली. वर एवढा गोंगाट केला की शेजारीण विचारायला आली, कोणाचं काय झालं.

नवाबपर्यंत बातमी गेली. तो सायकलला पाटी बांधून हजर. लाल कोंबडा उचलला, भुरी उचलली. काळीला हातात घेऊन पाहिलं आणि खाली ठेवलं.

"ये तो अभी बच्ची है, बाई. मातामायच्या ताटातलीच दिसते."

"तू आपलं घेऊन निघ. आन् बाजारात सांगजो, मासोळीवाल्या हातानं तुह्या भुरीले अंड्यावर आणलं म्हणून."

"सांगतो ना. काळीचंई सांगतो, अखाडी झाल्यावर."

तो गेला आणि काळा कोंबडा कुंपणावर चढून छाती फाडून आरवला. त्याचं राज्य आलं होतं. माझी मात्र काळी राहिली होती, आणि अखाडी दारात.

काळी हट्टी. तोंड लाल केलं, गुणगुणायला लागली, हाताखाली बसायला लागली, पण अंडं नाही. अखाडीच्या सकाळी पडवीच्या कोपऱ्यात केवळरामचं फाटकं जाळं पडलं होतं, त्यात ती जाऊन बसली. चोचीनं धागे अंगावर ओढून घेतले. मी श्वास धरून उभी. तेवढ्यात पाळीवर डफ वाजला आणि ती दचकून उठली. मी तिला धरून पोटाखाली बोटं लावली. आत अंडं होतं. टणक, पुरतं झालेलं.

"चाल," मी पुस्तकलेला म्हटलं. "बोलली आहेस तं न्यावंच लागते."

तिनं काळीला टोपलीत घेतलं. गोठ्यातला पांढरा कोंबडा पाय बांधून मी माझ्या काखेत मारला. केवळराम म्हणाला, "हे काऊन?" मी म्हटलं, "त्याले जत्रा पाह्यची आहे."

मोहाखाली गाव जमलं होतं. लटारूनं काळीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि पुढं तांदूळ टाकायला मूठ भरली. जनावरानं दाणा टिपला म्हणजे मायनं घेतलं. मी त्याची मूठ धरली.

"थांब. हिच्या पोटात अंडं आहे."

"असन. पण दिलं कुठी? अंडं बाहेर आलं तं अंडं, बाई. तोवर तलंगच."

"असं काय? मंग तुही सून मागच्या साली भरल्या दिवसाची होती, तिले तू कुवारी पोरगी म्हणत होतास काय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. लटारूची सून सगळ्यात जास्त हसली. लटारू इकडे-तिकडे पाहू लागला. म्हातारा इसरू, ज्याचा शब्द गावात चालतो, तो म्हणाला, "पोटुशी असली तं दाबून पाहा ना, लटारू." लटारूनं दाबून पाहिलं. त्याचा चेहराच सांगत होता. पण देवाचा माणूस, एवढ्यात कसा मानेल? म्हणाला, "ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबतो. दिलं तं दिलं. नाई तं मी तांदूळ टाकीन."

"टाक."

मी काळीला तिथंच टोपलीखाली झाकलं आणि पुढं मांडी घातली. आता खरं सांगायचं तर इथं माझी चूक होत होती. कोंबडी परक्या जागी, एवढ्या लोकांत, डफ ऐकत अंडं देत नाही, धरून ठेवते. हे मला माहीत होतं, पण हिला घरी नेते म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, ताराबाईनं घरून दुसरं अंडं आणून दाखवलं. म्हणून बसून राहिले. डफ मी बंद करवला. पोरं हाकलली. टोपलीवर माझं अंगावरचं धुस्सं टाकून अंधार केला. आत ती उभीच. पायांची खसखस ऐकू येत होती. ऊन मोहाच्या बुंध्यापासून सरकत चाललं होतं.

"बाई, भात जळून राह्यला असन घरी," कोणीतरी म्हणालं.

"मंग जा ना, तुमाले कोणी बांधलं?"

कोणी गेलं नाही. आणि मी वळून पाहिलं तर पुस्तकलाच नव्हती. मला वाटलं, घाबरून पळाली. तिचाच नवस, आणि तिलाच तोंड दाखवायला नको.

ती पाळीवरून पळत आली. पदर सुटलेला, काखेत ते फाटकं जाळं. लटारूसमोर न थांबता ती सरळ मातामायपुढं गुडघ्यावर बसली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली, "माय, तुले बोलली ते मी बोलली. पण मी भेऊन बोलली. आता हिले आपल्या जागी बसू दे. अंडं दिलं तं हे आमची. नाई दिलं तं मीच माह्या हातानं तांदूळ टाकीन."

मग माझ्याकडे न पाहता टोपली उचलून तिनं जाळं आत सारलं, गोल करून, सकाळी होतं तसं.

आतली खसखस थांबली. मग धागे ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही. इसरूनं बिडी पेटवायला काडी काढली होती, ती तशीच हातात राहिली.

आणि काळी ओरडली. अशी ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. लटारूनंच टोपली उचलली. जाळ्यात अंडं होतं, लहानसं, तांबूस, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ, पहिल्या अंड्याला असते तशी. त्यानं ते हातात घेतलं, गरम होतं म्हणून या हातातून त्या हातात केलं, आणि सगळ्यांना दाखवलं. मग माझ्या काखेकडे पाहिलं.

"म्हणून हे आणलं होतं काय?"

"मी काय मायकडे रिकाम्या हातानं येईन?"

गावठी कोंबड्यासमोर तांदूळ टाकला आणि त्यानं एका दमात सगळा टिपला. जन्मभर त्यानं दाणा कधी सोडला नव्हता, मायसमोर काय सोडतो. चांगला कोंबडा होता. त्याचा रस्सा दुपारी गावानं भुरकला, मीही भुरकला.

परतताना काळी पुस्तकलेच्या कडेवर होती, डोक्यावरचं कुंकू तसंच. पुस्तकलेनं विचारलं, "आत्याबाई, माय रागावली नसन ना?"

"रागावली असती तं अंडं देऊ दिलं असतं काय?" मी म्हटलं. "जाळ्याचं डोकं मले सुचलं नाई. तुले सुचलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काय मी दुसरीच कोणी होते. मी पुढं चालू लागले. एवढं खूप झालं.

आंगणात काळीला खाली सोडलं. काळा कोंबडा कुंपणावरून उतरला. आधी लांबूनच तिरपा-तिरपा चालला, मग एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फेरा घातला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, मोठ्या घरची मुलगी जशी. त्यानं कुठून तरी एक किडा उकरला, चोचीत धरला आणि तिच्यापुढं ठेवून कुकुक करत मागं सरला. तिनं जरा वेळ लावला. मग खाल्ला.

"चला ना आत," पुस्तकला म्हणाली, "उन्हात उभ्या राहून काय पाहून राह्यल्या?"

"पाहू दे वं," मी म्हटलं. "याच्यासाठीच तं दिवाळीपासून खपलो."