साठातल्या चार

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलच्या ऑफिसात धनश्री बोरसे कॉम्प्युटर चालवायची. परदेशी गिऱ्हाइकांच्या ई-मेल उतरवून घ्यायच्या, उत्तरं टाइप करायची. साल १९९९. जेवणाच्या सुट्टीत शेठ तिला इंटरनेट वापरू द्यायचे, आणि ती डबा खाता खाता गोष्टी वाचायची. उडत्या आगबोटीवरच्या पाच पोरांची एक जपानी अ‍ॅनिमे मालिका टीव्हीवर लागून गेली होती. ती संपली, पण जगभरातले चाहते तिच्या पुढच्या गोष्टी स्वतःच लिहून इंटरनेटवर टाकत होते. शेकड्यानं. बहुतेक अशा, की लिहिणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत.

त्यातल्या चांगल्या निवडून देण्याचा वसा सुरतेतल्याच रोहित गुप्तेनं घेतला होता. बँक मॅनेजरचा मुलगा, घरी स्वतःचा कॉम्प्युटर. त्याच्या पानावर साठ गोष्टींची यादी होती आणि साठांनाही पाच-पाच तारे. धनश्रीनं ताऱ्यांवर विश्वास ठेवून दोन महिने घालवले. एका गोष्टीत कप्तान तीनदा मेला. मधे जिवंत कधी झाला, ते लेखकालाही ठाऊक नसावं. दुसरीत सहा पानं नुसते नायिकेचे केस.

शेवटी तिनं त्याला लिहिलं, ‘साठही वाचल्या. चार बऱ्या आहेत. उरलेल्या तुम्ही वाचल्यात का?’ खाली सही, डी. बोरसे, सुरत.

‘सर, रविवारी घोडदोड रोडच्या सायबर कॅफेत भेटू या,’ असं उत्तर आलं.

ती गेली. रोहित तिच्या खांद्यावरून मागं पाहत राहिला.

“बोरसे सर नाही आले?”

“मीच बोरसे. नवागामहून आले.”

“नवागाम?” गिरणी कामगारांच्या त्या वस्तीचं नाव ऐकून त्याच्या ओठाचा कोपरा हलला. “इंग्रजी कुठं शिकलीस?”

सरांचा अहो-जाहो एका दमात ‘तू’वर आला, हे तिनं ऐकलं.

“हल्ली तुझ्याच पानावर शिकतेय. म्हणून बिघडत चाललंय,” ती म्हणाली. “एक्केचाळिसावी गोष्ट संपते कशी रे?”

“एकदम इमोशनल.”

“ती संपतच नाही. अर्ध्या वाक्यात तुटलीय.”

रोहितनं चष्मा पुसला. “हे बघ, लिहिणारे माझ्या पानाचं कौतुक करतात, मी तारे देतो. कुणाला कशाला दुखवायचं?”

“आणि वाचणाऱ्याला दुखवलेलं चालतं?”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “असं करू, तू अभिप्राय लिहून दे, मी टाकतो. नाव माझंच ठेवू. लोकांना सवय आहे.”

धनश्री इतक्या मोठ्यानं हसली की कॅफेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. ती तशीच उठून गेली.

आठवडाभराच्या जेवणाच्या सुट्ट्यांत तिनं स्वतःचं पान बनवलं. चारच गोष्टी. एकही तारा नाही. एकीखाली लिहिलं: ‘पहिली तीन पानं सोडा. मालिकेत एकदाही न बोललेला बोटीवरचा स्वयंपाकी चौथ्या पानावर तोंड उघडतो. तिथून वाचा.’ आणि सगळ्यात खाली: ‘बाकीच्या छप्पन्न इथं का नाहीत, असं विचारू नका. विचारलंत तर सांगेन.’

महिन्याभरात रोहितनं तिचा मजकूर जसाच्या तसा उचलून आपल्या यादीखाली चिकटवला. न वाचता, अर्थात. ते छप्पन्नचं वाक्यही सोबत गेलं. मग छप्पन्न लेखक त्याच्यावर तुटून पडले. रोहित प्रत्येकाची माफी मागत बसला आणि माफीसोबत प्रत्येकाला सहावा तारा देऊन मोकळा झाला. धनश्रीला त्याची कीवही आली नाही.

तिच्या पानावर माणसं थोडी यायची, पण वाचून जायची. एका दुपारी मनिलाच्या एका नर्सचं पत्र आलं: ‘स्वयंपाक्याची गोष्ट वाचता वाचता माझी बस चुकली. आणखी काही आहे?’

धनश्रीनं पत्र दोनदा वाचलं. मग हात पुसून टाइप केलं, ‘शोधतेय. दोन आठवड्यांत अकरा वाचल्या, अकराही टाकाऊ. धीर धरा.’

आणि तिनं बारावी उघडली.