टक् करणारा गिझर

बत्तीस वर्षं इमानेइतबारे पाणी तापवून आमच्या गिझरने सोमवारी सकाळी मान टाकली. प्लंबरने खालचं झाकण उघडलं, तर गंजाचं पाणी थेट त्याच्या बाहीत शिरलं.

"टाकीच फुटलीय, वहिनी. नवाच घ्या. पण घर जुनं, भिंतीतली वायरही जुनी. झटपट तापवणारा तिला झेपायचा नाही. टाकीवालाच बघा."

मी लगेच मनात ठरवून टाकलं: पांढराशुभ्र, आकडे दाखवणारा, अजिबात आवाज न करणारा. आमच्या घरात खरेदी मी करते. आमचे हे पिशवी धरतात.

"मीही येणार," सासरे म्हणाले.

माझ्या कपाळाला आठी पडली. सासऱ्यांची नजर जाऊन नऊ वर्षं झालीत. दुकानात येऊन बघणार काय, असं अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. मी फटकळ आहे, पण दुष्ट नाही.

दुकानात मी माझ्या मनातल्या गिझरवर बोट ठेवलं. दुकानदार खूश. "चालू आहे की बंद, हेसुद्धा कळणार नाही, इतका शांत!"

"मग मला नको," सासरे म्हणाले. "आपला जुना पाणी तापलं की टक् करायचा. हा मुका मला काय सांगणार?"

"बोट घालून बघायचं की, बाबा," हे म्हणाले.

सासऱ्यांनी आपली बोटं एकमेकांवर चोळली. मग हळूच म्हणाले, "बोटांना गरम-गार कळत नाही मला. दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर तुम्ही बाथरूमची कडीच काढून टाकली असती."

"अहो, पण मग मी घालत जाईन ना अंघोळ!" हे म्हणाले.

"बाकी सगळीकडे तुझा हात धरूनच चालतो ना मी? एवढं एक दार मला आतून लावू दे."

मग ते सांगायला लागले आणि माझं तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी राहिलं. टक् झालं की गरम नळ सोडायचा. बादलीचा आवाज आधी जाड असतो, पाणी चढेल तसा बारीक होत जातो. ठरावीक सुरावर गरम बंद, गार चालू. गारही ठरावीक सुरावर बंद. दोन वर्षं हा माणूस नुसत्या कानांनी अंघोळीचं पाणी विसणत होता! आणि अंघोळीला जाताना रोज ओरडायचे ना, "जरा गप्प बसा रे!", तो मी म्हातारपणाचा तिरसटपणा समजत होते. वर मुद्दाम भांडी आपटत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी गिझरच्या किमती वाचत असल्याचं सोंग केलं.

दुकानदाराने हात टेकले. "बटणवाले सगळे मुके, काका. फिरवायच्या खटक्याचे जुने दोन-तीन मागे पडलेत."

मागच्या खोलीत सासऱ्यांनी एकेकाच्या खटक्याला कान लावून तो फिरवला. पहिला नापास. "हा पुटपुटतो." दुसऱ्याच्या अंगावर त्यांनी बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि मान हलवली. "ह्याच्या आत काहीतरी सुटं आहे."

"शक्यच नाही, कंपनीचं सील आहे," दुकानदार म्हणाला आणि खात्री करायला त्याने झाकण उघडलं. एक स्क्रू टपकन त्याच्या बुटावर पडला. त्याने स्क्रूकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि आपणहून त्यांना बसायला खुर्ची आणली. आमचे हे पिशवी धरून नुसते उभे होते. सख्ख्या बापाकडे इतकं टक लावून पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्याचा खटका फिरला. टक्! कोरडा, स्पष्ट.

"हा," सासरे म्हणाले. "ह्याच्याशी माझं जमेल."

त्याचा रंग मळकट पिवळा होता. मला तो कधीच आवडला नसता. मी एका शब्दाने घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लंबरने तो बसवला, खटका मधोमध ठेवला आणि चालूही केला. सासऱ्यांनी आत जाऊन कडी लावली. मी पंखा बंद केला, फ्रीजचंही बटण बंद केलं. हे खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. प्लंबरला काहीच समजलं नव्हतं, तरी तोही पाना छातीशी धरून गप्प. मी दाराला कान लावला. नवं यंत्र, नवा आवाज, आणि आत बोटांना चटका न कळणारा माणूस. वीस मिनिटं माझ्या जिवात जीव नव्हता.

टक्.

नळ सुटला. आवाज जाड, मग बारीक, आणखी बारीक. थांबला. दुसरा नळ सुटला. घराच्या चार भिंतींत रोज हे घडत होतं, आणि मी ते आज पहिल्यांदा ऐकत होते. माझे डोळे कधी वाहायला लागले, मला कळलं नाही.

एकदम नळ बंद झाला.

"सूनबाई," आतून आवाज आला, "रडायचंच असेल तर स्वयंपाकघरात जाऊन रड. नाक ओढतेस, त्यात मला बादली ऐकू येत नाहीये."