अन्य एक

“बसून काय राहिलास? जा ना खाली,” मेव्हिस म्हणाली, आणि थर्मासमधला चहा नवऱ्याला न देता स्वतःच पिऊन टाकला.

ग्वीलिम प्रॉसर हलला नाही. खाली मैदानावर क्रॅगथॉर्प क्लबचे जुने रग्बी खेळाडू रांगेत उभे राहत होते. क्लबनं यंदा अगदी आरंभापासूनच्या प्रत्येकाला नंबर दिला होता. जो आधी खेळला त्याचा नंबर आधी. हयात होते ते स्वतः आले होते. गेलेल्यांच्या जागी मुलं-नातवंडं होती आणि ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं त्यांच्या जागी शाळेतली पोरं जर्सी धरून उभी होती. फक्त चारशे बारावी जागा मोकळी होती. त्या माणसाचं नावच क्लबला ठाऊक नव्हतं.

ती जागा ग्वीलिमची होती. वेल्समधल्या खाणीत कामाला असताना तो गावच्या संघातून पंधरा जणांचं रग्बी खेळायचा. तिथे खेळाचे पैसे घेणं म्हणजे पाप. इंग्लंडच्या उत्तरेत तेरा जणांचं रग्बी पैसे घेऊन खेळत; तिथे जाऊन कुणी एक चाचणी सामना जरी खेळला, तरी त्याला जन्मभर वाळीत टाकत. म्हणून उत्तरेतले क्लब अशा पोरांची नावं लपवायचे आणि कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘अन्य एक’ छापायचे. कोण असेल बरं हा, म्हणून प्रेक्षक आपापसात पैजा लावायचे.

ग्वीलिम क्रॅगथॉर्पकडून असा एकच सामना खेळला. समोर कुणी नव्हतं, चार पावलांवर गुण मिळवून देणारी रेषा होती, आणि ओला चेंडू त्याच्या हातून निसटला. तेवढ्यावरच संघ हरला. क्लबनं गोड बोलून निरोप दिला. तो घरी पोचायच्या आत बातमी तिथे पोचली होती. गावच्या क्लबनं दार लावून घेतलं. तेलही गेलं, तूपही गेलं. मग तो क्रॅगथॉर्पलाच परतला, बस चालवू लागला आणि दर शनिवारी याच मैदानात गर्दीत उभा राहून सामने बघत म्हातारा झाला. मेव्हिसशिवाय कुणाला तो हे बोलला नाही.

वाळीत टाकणं केव्हाच संपलं होतं. पण लाज संपली नव्हती. या लोकांनी वर्षानुवर्षं नाकं फोडून घेतली, बरगड्या मोडून घेतल्या. आपण एक दुपार खेळलो, तीही घालवली. कुठल्या तोंडानं त्यांच्यात उभं राहायचं?

“चेंडू काय तू एकट्यानंच पाडलायस? हल्लीचे दर शनिवारी पाडतात, वर पगार घेतात,” मेव्हिस म्हणाली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, “उद्या तू गेलास की तिथे मला उभं राहावं लागेल. माझे गुडघे बघ.”

तो उठला.

मोकळ्या जागेपाशी पोचताच क्लबची सेक्रेटरी आडवी आली. “आजोबा, इथे कुणी उभं राहायचं नाहीये.”

परत फिरावं असं ग्वीलिमच्या मनात आलं. एवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं, चारशे अकरा नंबरच्या वॉल्टर ऑकरॉइडनं, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ऑकरॉइडचा एक कान चुरगळून गेलेला होता.

“वेल्सचा का रे तू?”

“हो.”

“रेषेजवळ चेंडू पाडलास, तो तूच ना?”

ज्याची उभा जन्म धास्ती घेतली तेच समोर आलं होतं. ग्वीलिमनं मान खाली घातली. “मीच.”

“पास खाली आला होता,” ऑकरॉइड म्हणाला. “पार गुडघ्याला. मीच दिला होता तो. मीही तेव्हा नवाच. तुला गाठून सांगायचं होतं रे, पण तुझं नावच कुणी सांगेना. शोधणार तरी कुठे?”

मेव्हिसखेरीज या गावात कुणी आपली आठवण ठेवली असेल, हे ग्वीलिमच्या स्वप्नातही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवले नाहीत.

ऑकरॉइड काठी टेकत थोडा बाजूला सरला. सेक्रेटरीनं पेन काढून विचारलं, “नाव काय लिहू?”

“मोठ्यानं सांग,” ऑकरॉइड म्हणाला. “मला कमी ऐकू येतं.”

“ग्वीलिम प्रॉसर,” तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा एकदा सांगितलं.