शुमाफच्या पेटीतला कागद

नुरहानचं पत्र आलं आणि सातानायच्या मनात पाल चुकचुकली.

अम्मानजवळच्या वादी-अस्-सीरच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून सातानाय निवृत्त झाली होती. तोखाज घराण्याचा मेळावा भरवायचं तिनंच अंगावर घेतलं होतं. पणजोबा बातिर कॉकेशसमधून बायको आणि मुलं घेऊन बैलगाडीनं निघाले आणि सगळं तुर्कस्तान ओलांडून इथं पोचले, त्याला आता सव्वाशे वर्षं होत आली होती. अम्मान, जेराश, अमेरिका, कुठकुठल्या तोखाजांना तिनं शोधून काढलं होतं. त्यांच्या चर्कस जमातीच्या मंडळाचा हॉल ठरला होता. भिंतभर कापडावर वंशावळ रंगवून झाली होती. बातिरच्या नावाखाली दोन मुलगे होते, आणि शेजारी लहान अक्षरांत एक मुलगी: फातिमत, वय सहा, वाटेत तापानं गेली.

अशात मेळाव्याचं ऐकून तुर्कस्तानातल्या कायसेरीहून हे नुरहान नावाच्या बाईचं, कुणाकडून तरी अरबीत लिहून घेतलेलं पत्र आलं. तिचं म्हणणं, फातिमत तापानं गेलीच नव्हती. ती तिकडच्याच एका खेड्यात वाढली, तिचं लग्न झालं, नव्वद वर्षं जगली. मी तिची नात. मला मेळाव्याला यायचंय.

सातानायचा विश्वास बसेना. अम्मान वाढत वाढत त्यांच्या जुन्या शेतांपर्यंत येऊन ठेपलं होतं, त्या जमिनींना आता सोन्याचा भाव होता. इतकी वर्षं गप्प असलेली माणसं नेमकी आत्ताच कशी उगवली? तिनं गोड शब्दांत उत्तर लिहिलं आणि त्यात मुद्दाम एक खोटं पेरलं. फातिमतच्या आईचं नाव जानपागो होतं ना, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. जानपागो नव्हे, गुआशा.

नाव बरोबर होतं, आणि त्यामुळेच सातानाय जास्त बिथरली. तिनं स्वतः ते नाव एकाच ठिकाणी पाहिलं होतं, बातिरच्या हातच्या प्रवासाच्या कागदांत. ते कागद तिचा चुलतभाऊ शुमाफ याच्या पेटीत असत. म्हणजे शुमाफनंच या बाईला पढवलं असणार.

शुमाफ सत्त्याहत्तर वर्षांचा, घराण्यात सगळ्यांत वडील. तो खोलीत आला की पन्नाशीची माणसंही उठून उभी राहत. ते कागद जुन्या तुर्कीत होते. अक्षरं अरबी असल्यामुळे सातानायला त्यातली नावं लागत, पण बाकीचा मजकूर कळत नसे. दर ईदेला शुमाफच तो सगळ्यांना वाचून दाखवी, वडिलांनी त्याला शिकवला होता तसा, पणजीचं नाव न घेता.

ती त्याच्याकडे गेली. मेळाव्यात मांडायला कागद हवेत म्हणाली. त्यानं चहा ओतला, साखर ढवळली, ढवळतच राहिला. मग म्हणाला की कागद ओल लागून गेले, फेकून दिले.

"कधी, दादा?"

"झालं की वर्ष."

या वर्षीच्या फेब्रुवारीत तिनं ते याच खोलीत हातात धरले होते. तिनं चहा संपवला. थोरल्याला खोटं पाडायची त्यांच्यात रीत नव्हती. पण घरी जाताना तिचं डोकं चालूच होतं. बाईला त्यानं पढवलं असेल, तर आपल्यापासून कागद का लपवील?

मेळाव्याच्या आदल्या दिवशी नुरहान आली. साठीची, बुटकी, पुरुषी चालीची बाई. ती अरबी बोलत नव्हती, सातानायला तुर्की येत नव्हती. उरली चर्कस भाषा. नुरहानची जुन्या वळणाची, खळखळून वाहणारी, आणि सातानायची अडखळत चालणारी. सातानायनं कोंबडीचं अक्रोड घातलेलं शिप्स केलं, रव्याचा घट्ट बास्ता थापला, चीज भरून करंज्यांसारखे हालीव तळले, आणि पाहुणीची बॅग आत नेताना जमिनीच्या कागदांच्या कपाटाला हळूच कुलूप घातलं.

पाहुण्याला तीन दिवस येण्याचं कारण विचारायचं नाही, हे सातानायला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं तीन तासही कळ काढली नाही. तुम्ही करत काय होता, असं विचारलं. नुरहान म्हणाली, सरकारी दफ्तरखान्यात होते, जुन्या लिपीतले दस्त वाचायचं काम होतं.

सातानायच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनी लिपी वाचणाऱ्या माणसापासून शुमाफ कागद लपवत होता, हे तिला कळलं. शुमाफशिवाय ते वाचू शकणारं माणूस या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

"आईचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

नुरहाननं तिच्याकडे नुसतं पाहिलं. "सहा वर्षांच्या पोरीला आपल्या आईचं नाव माहीत नसतं होय, ताई?"

सातानाय ओशाळली. एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

"आणि ते कपाट उघडं ठेवलंत तरी चालेल," नुरहान म्हणाली. "मला जमीन नको. आजी दर वसंतात गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन बसायची. गवत उगवलं की नेतो, असं बाप सांगून गेला होता. म्हातारपणी दिसेनासं झालं तरी जायची. तो परत निघाला होता का, एवढंच मला विचारायचंय."

सातानायनं तिला तशीच उठवली आणि शुमाफच्या दारात नेऊन उभी केली. शुमाफनं पाहुणीला बघितलं, ती कुठली ते ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"दादा, पेटी काढता का मी काढू?" सातानाय म्हणाली. आयुष्यात ती त्याच्याशी या आवाजात बोलली नव्हती.

त्यानं स्वतःच काढली. कागद कोरडे ठणठणीत होते. नुरहान खिडकीशी बसली, एकेका ओळीवर बोट ठेवत थेट चर्कस भाषेत सांगू लागली. बर्फात दोन्ही बैल मेले. गुआशा तापानं बेशुद्ध. मुलगे चालू शकत नाहीत. फातिमतला इथल्या एका घरी ठेवलं, त्यांची बैलजोडी घेतली. गवत उगवल्यावर परत यायचं. गुआशा शुद्धीवर आली, तिला मुलगी तापानं गेली असं सांगितलं.

नुरहानचं बोट पानाच्या तळाशी थांबलं. पुढचं पान फाडलेलं होतं.

"हे कुणी फाडलं?"

"मला मिळालं तेव्हा असंच होतं," शुमाफ म्हणाला. मग सातानायकडे वळून हळूच, "पणजोबांचा फोटो हॉलमध्ये लावलाय आपण. लोकांना काय सांगणार, पोरगी देऊन बैल घेतले?"

"ते बैल नसते तर आपणही नसतो, दादा. तेच सांगणार."

दुसऱ्या दिवशी दीडशे माणसांसमोर नुरहाननं ते पान वाचलं आणि सातानायनं ओळीओळीनं अरबीत सांगितलं. दोन पुरुष मधेच उठून गेले. जेराशच्या एका म्हाताऱ्या बाईनं नुरहानला आपल्या शेजारी बसवलं आणि जेवण होईपर्यंत तिचा हात सोडला नाही. सातानायनं कापडावरचं 'तापानं गेली' खोडलं आणि फातिमतच्या खाली तिच्या पाच मुलांची नावं लिहायला घेतली. जागा कमी पडली, शेवटची दोन कडेला उभी लिहावी लागली. शुमाफ सगळा वेळ मागच्या रांगेत बसून होता. जेवायला थांबला नाही.

विमानतळावर नुरहान म्हणाली की तिचं काम निम्मंच झालं. बातिरनं शब्द दिला होता, एवढं कळलं. तो पाळायला निघाला होता का, ते त्या पानाबरोबर गेलं.

पुढच्या शुक्रवारी सातानाय शुमाफकडे गेली आणि तिनं पान कुणी फाडलं, हा प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं कुराणावर हात ठेवून सांगितलं, पान आधीच फाटलेलं होतं. त्याचा आवाज कापत होता. खोटं बोलणाऱ्याचा कापतो तसा, की नुसता म्हातारपणानं, हे तिला ठरवता येईना. फाटलेली कड मात्र तिनं मेळाव्यात नीट निरखली होती. बाकीचे कागद कडांना तपकिरी झालेले, आणि ती कड पांढरी.

तिनं चहा घेतला, पेला विसळून ठेवला आणि कागदांची पेटी उचलून घरी आणली. शुमाफनं अडवलं नाही.