ताईच्या नावाचा रूल

नको असलेले मेल उडवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आमच्या सगळ्या खात्याची मिळून एकच पेटी आहे आणि ती रोज सकाळी मी साफ करते. एकेक मेल उघडून बघत बसणाऱ्यांची मला कीव येते. आधी पाठवणाऱ्याच्या नावाने रांग लावायची, म्हणजे एकाचे सगळे मेल एकाखाली एक येतात. पहिल्यावर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक, डिलीट. बक्षीसवाले, कर्जवाले, केस उगवून देणारे, सगळे चहा यायच्या आत कचऱ्यात.

म्हणून त्या दिवशी आईला घेऊन धाकट्याच्या घरी पोचल्या पोचल्या त्याने मला कामाला जुंपलं, तेव्हा मला आनंदच झाला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. लिफ्टचे आराखडे काढतो, घरूनच काम करतो, एकटा राहतो.

"ताई, माझी पेटी कालपासून भरलीय, नवीन मेलच घेत नाहीये. तू जरा बघ ना. तोवर मी आईला चहा देतो."

आई आतल्या खोलीत बसली होती, दोन बॅगा घेऊन. ती आता धाकट्याकडे राहणार होती. तिच्यासाठी दोनदा नाकारलेली बढती मी या वेळी घेतली होती. बदलीचं गाव लांब, सोमवारी हजर व्हायचं, आणि राहायला मिळालेली खोली जेमतेम एक खाट मावेल एवढी.

हे सगळं मी धाकट्याला मेलवर कळवलं होतं. फोनवर बोलायला त्याला कधीच सवड नसते, 'लिहून पाठव' असं तोच म्हणाला होता. मी दर रविवारी लिहायचे आणि लगेच उत्तर हजर: 'वाचलं ताई. तू म्हणशील तसं. आईला जप.' दर वेळी हेच शब्द. पण आमच्याकडचे पुरुष मुळात बोलतच नाहीत. वडिलांनी अख्खा संसार 'बरं' या एका शब्दावर केला, त्या मानाने हे म्हणजे व्याख्यानच. मी ते आईला वाचून दाखवायचे आणि ती शेजारणीला सांगायची, एवढ्या कामात असतो, पण बहिणीला कसं पटकन उत्तर देतो. आईला तुझ्याकडे आणू का, असं विचारलं तेव्हाही हेच उत्तर आलं. मग मी भाड्याचं घर सोडलं, आईने तिची भांडी वाटून टाकली. आज स्टेशनवरून फोन केला तर 'या, या' म्हणाला.

पेटी हां हां म्हणता साफ झाली. कचऱ्याचं फोल्डर तेवढं राहिलं. ते रिकामं करण्याआधी मी नावांवरून एकदा नजर फिरवते, कारण फुटलेल्या पाइपची एक तक्रार कचेरीत अशीच माझ्या हातून कचऱ्यात गेली होती. तिथे माझं नाव दिसलं. एकाखाली एक, पडदाभर. अक्षरं सगळी ठळक, म्हणजे एकही मेल उघडलेला नव्हता.

चुकून गेले असतील म्हणून मी रूल, म्हणजे कुणाच्या मेलचं आपोआप काय करायचं हे पेटीला सांगून ठेवलेले नियम, उघडून बघितले. एकच होता. त्याला नाव दिलं होतं 'ताई'. ताईचा मेल आला की ठरलेलं उत्तर पाठवायचं आणि मेल कचऱ्यात टाकायचा. ठरलेलं उत्तर खाली लिहिलेलं होतं. मला ते पाठच होतं.

तरी विश्वास बसेना. मी पर्समधून फोन काढला आणि त्याला मेल लिहिला, 'आई गेली.' आतून त्याचा आवाज येत होता, आईला बिस्किटं हवीत का विचारत होता. समोर पडद्यावर माझा मेल आला आणि दिसेनासा झाला. हातातला फोन वाजला. 'वाचलं ताई. तू म्हणशील तसं. आईला जप.'

परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. पाठच्या भावाने केसाने गळा कापला होता.

तो माझा कप घेऊन आला. पडदा बघितला आणि कप टेबलावर ठेवला.

"तू केवढं मोठं लिहायचीस, ताई. गुडघे, गोळ्या, डॉक्टर. माझ्याच्याने वाचवत नव्हतं."

"मग तसं सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता फार छान वाटतंय."

"मला वाटलं, तसंच महत्त्वाचं असेल तर तू फोन करशील."

"आई इथे राहायला आली आहे," मी म्हटलं. "हे महत्त्वाचं आहे का, बघ."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "राहायला? मला वाटलं, सुट्टीला आलात." तो आत गेला. मी दारापर्यंत गेले.

आई खाटेवर बसून बॅगेतले कपडे काढत होती. तो तिच्या डावीकडे बसला, तिच्या कानाशी वाकला आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलायला लागला. मला सगळं ऐकू आलं. सध्या जमणार नाही, काम फार आहे, दोन दिवस राहा आणि मग ताईबरोबर जा, तिथे काहीतरी सोय होईल. आई हसत मान डोलावत होती, हो हो म्हणत होती. किती सहज निभावलं, असा त्याचा चेहरा झाला.

"मग हे कुठल्या कपाटात ठेवू रे?" आईने विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"तो कान गेलाय तिचा," मी म्हटलं. "गेल्या हिवाळ्यातच. सविस्तर लिहिलं होतं मी. आता त्या बाजूला बस आणि मोठ्याने सांग. मलाही ऐकायचंय."

तो उठून तिच्या उजवीकडे बसला. मांडीवर कपडे घेऊन आई त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तो कपाटाकडे गेला आणि आपले शर्ट बाहेर काढायला लागला. आई मला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? एवढ्या कामात असतो, पण कसं पटकन ऐकतो."

मला बरं वाटायला हवं होतं. मी दारातच उभी होते, आणि तो खरंच जागा करतोय की फक्त मी जाईपर्यंत, हे काही मला कळेना.